फिनाईलची कुळकथा



आजचा विषय मला इंदूरच्या एका विद्यार्थिनीने दिला. घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. तिचा प्रश्न असा : "काका, मिथेनमधून एक हायड्रोजन काढला की उरतो तो मिथाइल. इथेनमधून काढला की इथाइल. मग बेंझीनमधून काढला की बेंझाइल का नाही? तिथे एकदम फिनाईल कुठून उपटला? आणि तो आमच्या घरी फरशी पुसायच्या बाटलीत काय करतो?"

प्रश्न जुना आहे. मी स्वतः रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि मग फौजेत, तोफखान्यात गेलो. आमच्या वेळी या प्रश्नाला वर्गात एकच उत्तर मिळायचं, "ते तसंच आहे, पाठ करा." पाठ केलं, पेपर लिहिला, पास झालो. उत्तर मात्र खूप उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात सापडलं. ते सुमात्राच्या जंगलातून निघतं, गोव्यावरून जातं, लंडनच्या दिव्यांपाशी थांबतं आणि थेट आपल्या पेट्रोल पंपावर येतं. तेव्हा जरा सावकाश जाऊ या.

आधी बाटलीचं बघू

फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला फिनाईलची ओळख करून द्यावी लागत नाही. बराक, लंगर, संडास, एमआय रूम, सगळीकडे तोच वास. इन्स्पेक्शनच्या सकाळी तर तो अर्धा मैल आधी लागतो. आपल्या बोलण्यात फिनाईल किंवा फिनेल म्हणजे जंतू मारणारं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं औषध.

रसायनशास्त्रात मात्र फिनाईल नावाचा बाटलीत भरता येईल असा पदार्थच नाही. बेंझीन म्हणजे सहा कार्बन आणि सहा हायड्रोजनचं कडं. त्यातला एक हायड्रोजन काढा, उरलेला सहा कार्बन आणि पाच हायड्रोजनचा तुकडा म्हणजे फिनाईल. तो एकटा राहत नाही, कुणाला तरी जोडलेलाच असतो. आमच्याकडे एखादी तुकडी दुसऱ्या युनिटला 'अटॅच' असते, तिचा रेशनपाणी तिकडेच, तसं समजा. त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली की फिनॉल. नायट्रोजनची जोडणी झाली की ॲनिलीन.

काळ्या फिनाईलमध्ये कोळशाच्या डांबरातून निघणारे फिनॉल आणि क्रेसॉल जातीचे पदार्थ असतात. म्हणजे तिथे नावाला निदान आधार आहे. पांढऱ्या फिनाईलमध्ये बहुधा पाइनचं तेल असतं, म्हणजे नाव नुसतं वारशाने आलेलं. तरी दुकानात दोन्ही फिनाईलच.

लोबानाचा प्रवास

आता बेंझीनकडे वळू. या शब्दाचं मूळ प्रयोगशाळेत नाही, धुपाटण्यात आहे.

सुमात्रा बेटावर स्टायरॅक्स नावाच्या झाडाला खाचा पाडल्या की पांढरट चीक येतो. तो वाळला की त्याचे खडे होतात. निखाऱ्यावर टाकले की गोड, व्हॅनिलासारखा वास सुटतो. अरबी व्यापारी आधीपासून आपल्या भागातला धूप वापरत होतेच. त्याला ते 'लुबान' म्हणत. या शब्दाच्या मुळाशी पांढरेपणाचा, दुधाचा अर्थ आहे. पूर्वेकडून आलेल्या या खड्यांना त्यांनी नाव दिलं 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लुबान. सुमात्रालाही ते जावाच म्हणत. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे पोचला, त्यानेही या धुपाचं नाव त्या बेटावरून पडल्याचं नोंदवलं आहे.

आपला लोबान तो हाच शब्द. दर्ग्यात, पिराच्या उरुसात, दुकान उघडताना गल्ल्यापुढे फिरवतात तो. मराठी घरात त्याला बरेचदा ऊद म्हणतात. बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी देतात, त्या निखाऱ्यावर जातो तो ऊद. 'ऊद' हाही अरबी शब्द. मूळ अर्थ लाकूड. उदबत्ती म्हणजे शब्दशः लाकडाची बत्ती. हे 'लाकूड' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हा लुबान जावी भूमध्य समुद्राच्या बंदरांवर उतरला. तिथल्या खलाशांच्या आणि दलालांच्या भाषांत 'लो', 'ला' ही नामाआधी लागणारी उपपदं होती. त्यांना वाटलं, 'लुबान जावी' मधला 'लु' हेही उपपदच. त्यांनी तो गाळला. राहिलं 'बानजावी'. त्याचं झालं बेंजुई, बेंजोई, बेंझॉइन. इंग्रज औषधविक्यांनी तर कमाल केली. त्यांनी त्याचं 'गम बेंजामिन' करून टाकलं, म्हणजे झाडाच्या चिकाला माणसाचं नाव!

या प्रवासात गोव्याचाही एक टप्पा आहे. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले आणि तिथेच राहिले. १५६३ साली त्यांनी भारतातल्या औषधी द्रव्यांवर संवादांच्या रूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो गोव्यातच छापला गेला. त्यात बेंजुईवर एक वेगळा संवाद आहे. बाजारात काय नावाने काय विकलं जातं, कुठला माल कुठून येतो, हे बघून विचारून लिहिणारा माणूस. मूळचे ज्यू घराण्यातले. त्यांच्या मृत्यूनंतर १५८० साली इन्क्विझिशनने त्यांची हाडं उकरून जाळली. ग्रंथ मात्र लॅटिनमध्ये आणि इतर भाषांत जाऊन युरोपभर वाचला गेला.

औषधविक्ये या खड्यांना हलकी आच देऊन वर जमणारे पांढरे स्फटिक गोळा करत. हेच बेंझॉइक आम्ल. आज लोणची, सॉस, सरबतं टिकवायला सोडियम बेंझोएट घालतात, ते याच आम्लाचं मीठ. पुढच्या वेळी सॉसच्या बाटलीवर ते बारीक अक्षरांतलं नाव वाचाल, तेव्हा त्यातला 'जावी' आठवा.

आता 'आइल' म्हणजे काय?

१८३२ साली जर्मनीत दोन मित्र एकत्र काम करत होते, फ्रीडरिश व्योलर आणि युस्टुस लीबिग. व्योलर यांची पत्नी नुकतीच वारली होती. लीबिग यांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं आणि दोघांनी कडू बदामाच्या तेलावर प्रयोग सुरू केले. त्यांच्या लक्षात आलं, की या तेलापासून वेगवेगळे पदार्थ बनवले तरी अणूंचा एक गट तसाच्या तसा एका पदार्थातून दुसऱ्यात जातो. त्या गटात सात कार्बन, पाच हायड्रोजन, एक ऑक्सिजन. हाच गट बेंझॉइक आम्लातही होता. त्यांनी त्याला नाव दिलं 'बेंझॉइल'.

'बेंझो' कुठून आलं ते आपण पाहिलं. शेवटचं 'इल' आलं ग्रीक 'हुले' या शब्दावरून. त्याचा जुना अर्थ लाकूड, रान. पुढे ॲरिस्टॉटलने तोच शब्द 'द्रव्य' या अर्थाने वापरला, ज्यातून वस्तू घडते ते. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये दुमा आणि पेलिगो यांनी लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या स्पिरिटचा अभ्यास केला आणि 'मेथु' म्हणजे मद्य व 'हुले' म्हणजे लाकूड यांची जोडी लावून 'मिथिलीन' शब्द बनवला. त्यातून मिथाइल. तो 'मेथु' आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ आहे.

तेव्हा मिथाइल, इथाइल, फिनाईल यांतला शेवटचा तुकडा म्हणजे लाकूड. आपल्या उदबत्तीतही लाकूड, रसायनाच्या 'आइल'मध्येही लाकूड. एक अरबी, एक ग्रीक.

दिव्यातलं तेल

आता मुख्य पात्र. १८२५ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांच्याकडे एक चिकट काम आलं. तेव्हा तिथे तेल तापवून दिव्यासाठी गॅस बनवत. तो दाबून टाक्यांत भरत आणि घरोघर पोचवत. आजच्या सिलिंडरचा पूर्वज म्हणा. या टाक्यांच्या तळाशी एक पातळ तेलकट द्रव साठायचा. फॅरेडे यांनी तो पुन्हा पुन्हा उकळून, गोठवून वेगळा केला आणि एक स्वच्छ, गोडसर वासाचा द्रव मिळवला. त्यांनी त्याला 'बायकार्ब्युरेट ऑफ हायड्रोजन' असं कारकुनी थाटाचं नाव दिलं. ते अर्थातच टिकलं नाही.

आठेक वर्षांनी बर्लिनमध्ये आइलहार्ट मिचरलिख यांनी बेंझॉइक आम्ल चुन्याबरोबर तापवलं. आम्लातला एक कार्बन चुन्याने धरून ठेवला आणि सात कार्बनांच्या पदार्थातून सहा कार्बनांचा द्रव बाहेर आला. तोच, फॅरेडे यांच्या टाकीतला! आता तो बेंझॉइनच्या घरातून निघाला म्हणून मिचरलिख यांनी त्याला 'बेंझिन' म्हटलं.

लीबिग एका वजनदार नियतकालिकाचे संपादक होते. मिचरलिख यांचा लेख छापताना त्यांनी आक्षेप घेतला. 'इन' हा शेवट स्ट्रिकनिन, क्विनिन अशा वनस्पतीतल्या क्षारांना लावतात, हा तर तेलासारखा पदार्थ, याला 'बेंझोल' म्हणा. जर्मन भाषेत 'ओल' म्हणजे तेल. जर्मनांनी ते ऐकलं. इंग्रजीत मात्र बेंझीन राहिलं.

आणि तिसरं नाव आलं फ्रान्समधून. ओग्युस्त लोराँ हे तिशीतही न पोचलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, हा द्रव दिव्याच्या गॅसमध्ये सापडतो, तर त्याचं नाव उजेडावरून ठेवा. ग्रीक 'फाइनो' म्हणजे उजळणे, दिसू लागणे. म्हणून १८३६ च्या सुमारास त्यांनी त्याला 'फेन' म्हटलं. हा ग्रीक धातू आणि आपल्या संस्कृतातला 'भा' हे एकाच मुळाचे. प्रभा, आभा, भानू, भास्कर यांच्यातला 'भा'. म्हणजे फिनाईलचा शब्दशः अर्थ लावायचा तर 'उजेडाचं लाकूड'. आपण ज्याने मोरी धुतो त्याच्या नावात 'प्रभा' आहे, ही गोष्ट मला अजूनही गंमतीची वाटते.

'फेन' हे नाव कुणी घेतलं नाही. लोराँ यांचं नशीबही तसंच. मोठ्या प्राध्यापकांशी मतभेद, लीबिग यांची कडवट टीका, पॅरिसमध्ये हवी ती जागा नाही. शेवटी टाकसाळीत धातू तपासण्याची नोकरी. १८५३ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने ते गेले. त्यांचा मुख्य ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला.

पण त्यांचं एक काम उरलं. १८३४ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरातून एक आम्ल काढलं होतं आणि त्याला कार्बोलिक म्हटलं होतं. लाल कार्बोलिक साबण आठवतो ना, त्यातलं. १८४१ साली लोराँ यांनी ते शुद्ध रूपात मिळवलं आणि ते आपल्या 'फेन'पासून बनलेलं आहे हे ओळखून त्याची नावं त्याच मुळावर ठेवली. 'फिनाईल' हा तुकडा तिथून रूढ झाला, आणि त्यांचे सहकारी शार्ल जेरार यांच्या लेखणीतून 'फिनॉल' आला. १८६५ साली जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोमध्ये जखमा याच कार्बोलिक आम्लाने धुवायला सुरुवात केली आणि शस्त्रक्रियेनंतर सडून मरणारी माणसं वाचू लागली. तेव्हापासून या कुटुंबातल्या नावांना 'जंतू मारणारं' हा अर्थ चिकटला, तो आपल्या मोरीपर्यंत आला.

आता इंदूरच्या मुलीला उत्तर देता येईल. 'बेंझ' हे घराणं मुळात सात कार्बनांचं. बेंझॉइक आम्लात सात, बेंझॉइलमध्ये सात. पुढे त्याच घरातला, ऑक्सिजन नसलेला सात कार्बनांचा जो तुकडा ओळखला गेला, त्याला बेंझाइल नाव मिळालं. सहा कार्बनांचा बेंझीन त्या घरातून एक कार्बन सोडून बाहेर पडला, पण आडनाव घेऊन गेला. त्याचा तुकडा करायची वेळ आली, तेव्हा बेंझाइल हे नाव सात कार्बनवाल्यांकडे होतं. म्हणून सहावाल्या तुकड्याला लोराँ यांचं नाव लागलं. अख्खा पदार्थ मिचरलिख यांच्या नावाचा, त्याचा तुकडा लोराँ यांच्या नावाचा. १८९२ साली जिनिव्हात रसायनांच्या नावांना शिस्त लावायला परिषद भरली, पुढे आंतरराष्ट्रीय संघटना झाली, नियमांची जाड पुस्तकं निघाली, तरी ही जोडी कुणी मोडली नाही. आजही दोन्ही नावं अधिकृत आहेत.

नाव गोड, वस्तू जहाल

इथे गोष्ट संपवता आली असती. पण माझ्या पेशात नावाचा गोंधळ ही करमणुकीची बाब नसते. गोळ्यावर रंगाने काय लिहिलंय ते वाचूनच तो उचलायचा, हे अंगात भिनलेलं असतं. म्हणून पुढचं सांगतो.

मिचरलिख यांचं 'बेंझिन' हे नाव रिकामं पडलं होतं. खनिज तेलातून हलके, उडून जाणारे द्रव निघू लागले, तेव्हा ते नाव त्यांना चिकटलं. आजही जर्मनीत, रशियात 'बेंझिन' म्हणजे पेट्रोल. बेंझीनला तिथे 'बेंझोल' म्हणतात. अनेकांना वाटतं की हे नाव मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्यावरून पडलं. तसं नाही. शब्द १८३३ च्या आसपासचा, आणि कार्ल बेंझ जन्मले १८४४ साली.

आपल्या फौजेत सोव्हिएत बनावटीची सामग्री भरपूर होती. रशियन पुस्तिकेत 'बेंझिन' दिसलं, तर तिथे पेट्रोल वाचायचं. बेंझीन वाचून चालणार नाही. दोन्ही द्रव पारदर्शक, दोन्ही पेट घेणारे. पण बेंझीन साडेपाच अंश सेल्सिअसला गोठतो. लेहच्या थंडीत तो टाकीत दगड होईल. पेट्रोलचं तसं होत नाही.

आणि खरा धोका गोठण्याचा नाही. बेंझीन हाडांच्या मज्जेवर, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच घाला घालतो. वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासातून गेली तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. हे कळायला माणसं मरावी लागली. १८५५ साली चार्ल्स मॅन्सफील्ड, ज्यांनी डांबरातून बेंझीन मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली, ते पॅरिसच्या प्रदर्शनासाठी माल तयार करताना आगीत भाजून गेले. ती आग तरी डोळ्यांना दिसली. वाफ दिसत नाही. १८९७ साली स्वीडनमध्ये सान्टेसन नावाच्या डॉक्टरांनी सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण कामगार मुलींच्या मृत्यूंची नोंद केली. रबर विरघळवायला तिथे बेंझीन वापरत. अमेरिकेत कामाच्या जागेवरच्या हवेत बेंझीनची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणणारा नियम टिकला तो १९८७ साली. त्याआधी तसाच नियम १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला होता. १८९७ ते १९८७. नव्वद वर्षं.

मधल्या काळात हा द्रव दाढी केल्यावर गालाला लावला गेला, कपडे धुवायला वापरला गेला, कॉफीतलं कॅफीन काढायलाही वापरला गेला. वास छान होता ना! रसायनशास्त्रज्ञांनी या सगळ्या कुटुंबाला 'ॲरोमॅटिक' म्हणजे सुवासिक म्हटलं होतं आणि नावात तर साक्षात धूप होता. नावामुळे माणसं मेली असं मी म्हणणार नाही. पण सुवासाने आणि ओळखीच्या नावाने माणूस गाफील राहतो, हे मात्र मी पाहिलं आहे. रबराची नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणारे, ग्रीसचे हात पेट्रोलने धुणारे ड्रायव्हर आणि मेकॅनिक मी देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात पाहिले. सध्याच्या बीएस-६ मानकाप्रमाणे आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्याच्या वर चालत नाही. तेवढाही तोंडात आणि कातडीवर रोज घ्यायचं कारण नाही. हे ऐकणारे जे कुणी गॅरेजमध्ये, गाड्यांवर काम करत असतील, त्यांनी हातपंप वापरा आणि हात साबणाने धुवा.

दारूगोळ्यातली माणसं आणि शेतातली नीळ

तोफखान्याचा माणूस असल्याने दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिनॉलवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की पिक्रिक आम्ल मिळतं. ग्रीकमध्ये 'पिक्रोस' म्हणजे कडू. ते पिवळा रंग म्हणून वापरत, पुढे तोफगोळ्यात भरू लागले. इंग्रजांनी इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या लिड या गावी त्याच्या चाचण्या घेतल्या आणि त्याला लिडाइट म्हटलं. पण हे आम्ल गोळ्याच्या धातूशी झटून फार नाजूक, झटक्यात फुटणारे क्षार बनवतं. म्हणून त्याची जागा टीएनटीने घेतली. तो साधारण ८० अंशांना वितळतो, म्हणून ओतून भरता येतो. त्यातला शेवटचा 'टी' म्हणजे टोल्युइन. हे नाव कोलंबियातल्या तोलू या बंदराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सुवासिक डिंकावरून आलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत तो भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची. लोक त्यांना कॅनरी म्हणत, पिवळ्या पक्ष्याच्या नावाने. पुन्हा तेच. डिंकाचं सुवासिक नाव आणि आत माणूस झिजवणारा पदार्थ.

दुसरं नाव आपल्या अधिक जवळचं. फिनाईलला नायट्रोजनची जोडणी लागली की ॲनिलीन. १८४० च्या सुमारास फ्रित्शे यांनी निळीपासून ते मिळवलं आणि पोर्तुगीज 'आनिल' या शब्दावरून नाव ठेवलं. आनिल अरबीतल्या 'अन्-नील' वरून, आणि तो संस्कृत 'नील' वरून. म्हणजे आपल्याच शेतातला शब्द. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी ॲनिलीनपासून जांभळा रंग काढला आणि कारखान्यात रंग बनवण्याचं युग सुरू झालं. १८९७ साली, स्वीडनमधल्या त्या मुलींची नोंद झाली त्याच वर्षी, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. काही वर्षांत ॲनिलीनपासून नीळ करण्याची रीतही बसली.

त्याचा फटका बिहारमधल्या चंपारणला बसला. तिथे तीनकठिया पद्धतीने रयतेला वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरावीच लागे. निळीला भाव उरला नाही, तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी पेरणीतून सुटका देण्याच्या बदल्यात 'शरहबेशी' म्हणून खंड वाढवला आणि 'तावान' म्हणून रोख रक्कम उकळली. तोटा कुणाच्या माथी, तर ज्यांनी कधी ॲनिलीन हा शब्द ऐकला नव्हता त्यांच्या. १९१७ साली गांधीजी तिथे गेले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. रसायनाच्या नावात आपली नीळ राहिली, शेतातून मात्र ती गेली.

मग नावाचं काय करायचं?

माझं म्हणणं थोडक्यात असं. रसायनाच्या नावात त्याचा गुण लिहिलेला असतो असं आपण धरून चालतो. बेंझीन, फिनाईल, टोल्युइन, ॲनिलीन ही चार नावं बघा. त्यांत गुण एकही नाही. आहे तो प्रवास. कुणी चीक गोळा केला, कुठल्या बंदरावर उतरला, कुणी कानाने चुकीचा ऐकला, कुठल्या दिव्यात सापडला. म्हणून नावाला इतिहास विचारावा. तो भरभरून सांगतो. गुण आणि धोका मात्र नावाला विचारू नये. त्यासाठी डब्यावरची बारीक अक्षरं आणि धोक्याची चिन्हं वाचावीत.

आणि शब्दांची एक गोष्ट. बडोद्याचे, बेळगावचे, हैदराबादचे, इंदूरचे आपले लोक मला लिहितात, की आमची मराठी शुद्ध राहिली नाही, गुजराती, कानडी, उर्दू, हिंदी मिसळली. त्यांना सांगतो, जगभरच्या प्रयोगशाळांत रोज घेतलं जाणारं एक नाव खलाशांनी चुकीचा ऐकलेला अरबी शब्द आहे. दुसऱ्यात ग्रीक उजेडाला ग्रीक लाकूड जोडलंय, आणि ते आपल्याकडे मोरीत फेसाळतं. शब्द मिसळल्याने भाषा मरत नाही. वापर थांबला की मरते. फिनाईलला फिनेल म्हणा, हरकत नाही. फक्त बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत तर कधीच भरू नका.

इंदूरच्या ताई, तुला परीक्षेत हा प्रश्न आला तर उत्तर चार ओळींत लिही : बेंझाइलमध्ये सात कार्बन, फिनाईलमध्ये सहा. पहिलं नाव लोबानाचं, दुसरं दिव्याचं. बाकीचं सगळं मार्कांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.